पुन्हा चार्ल्सटन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला राहतो आणि गेल्या चौदा वर्षांत साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला पाच वेळा जाऊन आलोय. पहिल्या खेपेला लेक दीड वर्षाची, बाबागाडीत. यंदा ऑक्टोबरात गेलो तेव्हा तिला मागच्या सीटवर बसायचंच नव्हतं, गाडी चालवायची होती. सोबत नऊ वर्षांचा मुलगा आणि वेंगुर्ल्याहून आलेल्या सासूबाई. दर वेळी परत आलो की ओळखीपाळखीतून तेच प्रश्न येतात आणि फोनवर तेच तेच सांगून घसा कोरडा पडतो. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

चार्ल्सटनच का? आणि तेही पुन्हा पुन्हा?

पहिल्यांदा गेलो ते फोटो बघून. ईस्ट बे स्ट्रीटवरची तेरा रंगीत घरांची रांग, म्हणजे रेनबो रो. बॅटरी म्हणतात त्या गावाच्या टोकाच्या धक्क्यावरचे टोलेजंग वाडे. ओकच्या झाडांवरून लोंबणाऱ्या राखाडी जटा. दोन दिवसांत सगळं बघून झालं असं वाटलं आणि परत आलो. पण मग आठवडाभर नवरा म्हणत राहिला, की त्या घरांची दारं काहीतरी विचित्र होती.

होतीच. रस्त्यावरचं दार उघडलं की पाऊल घरात पडत नाही, लांबलचक पडवीत पडतं. घराची अरुंद बाजू रस्त्याकडे, रुंदी एका खोलीची, आणि दक्षिणेला किंवा पश्चिमेला घराच्या लांबीइतकी उघडी पडवी, वारा आत यावा म्हणून. असल्या घराला सिंगल हाऊस म्हणतात आणि पडवीला पियाझा. पडवीचं छत बऱ्याचदा फिकट निळं असतं. भुतांना ते पाणी वाटतं आणि ती आत येत नाहीत, अशी समजूत.

हे कळायला दुसरी खेप लागली. भिंतींवर जागोजागी दिसणाऱ्या लोखंडी चकत्या कसल्या, हे तिसऱ्या खेपेला कळलं. ३१ ऑगस्ट १८८६ ला इथे मोठा भूकंप झाला. त्यानंतर भिंती आवळून धरायला घराच्या आरपार सळया घातल्या, त्यांच्या टोकांच्या या चकत्या. मुलगा आता रस्ताभर त्या मोजत चालतो, त्यामुळे 'अजून किती चालायचं' हा प्रश्न बंद झालाय. आणि ही घरं बांधायला पैसा कुठून आला, विटा कोणी थापल्या, हे नीट कळायला चौथी-पाचवी खेप उजाडली. पहिल्याच वेळी कळलं असतं तर बरं झालं असतं, पण तेव्हा आम्ही रंग बघत होतो.

हे वेस्ट व्हर्जिनियातलं चार्ल्सटन का?

नाही, ते डोंगरातलं. भारतातून तिकीट काढून देणाऱ्याला स्पष्ट सांगा, विमानतळाचा कोड 'सीएचएस' आहे. आमच्याकडे शार्लट आणि चार्ल्सटन यांचाही गोंधळ होतो. सासूबाई वेंगुर्ल्यात सगळ्यांना सांगून आल्या होत्या, की मुलगा चार्ल्सटनला राहतो आणि शार्लटला फिरायला नेणार आहे.

गाडीने किती लांब?

शार्लटहून साधारण २०० मैल, साडेतीन तास. अटलांटाहून पाच तास धरा. शेवटचा टप्पा आय-२६ चा, आणि तो रस्ता थेट गावात येऊन संपतो, त्यामुळे चुकायची सोय नाही.

कधी जावं?

मार्चअखेर ते एप्रिल, किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. वसंतात अझेलिया फुलतात आणि हॉटेलवाल्यांचे भावही. मार्चअखेरीला किंवा एप्रिलच्या सुरुवातीला कूपर नदीवरच्या पुलावरची दहा किलोमीटरची शर्यत असते. त्या शनिवारी सकाळी पूल गाड्यांना बंद, म्हणून आधी तारीख बघा. मेअखेरीपासून जूनपर्यंत स्पोलेटो महोत्सव, १९७७ पासून चाललेला: नाटक, संगीत, नाच. त्या दिवसांत खोली स्वस्तात मिळणार नाही.

जुलै-ऑगस्टात जायचंच असेल तर मेमधली मुंबई आठवा आणि मग ठरवा. आम्ही एकदा जुलैत गेलो. सकाळी अकराला अंगातला शर्ट पिळून काढावा इतका घाम. शाळेला सुट्टी तेव्हाच, हे मान्य. मग दिवसाचे दोन भाग करा: सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सहानंतर. मधला वेळ पाण्यात किंवा एसीत.

हरिकेनची भीती असते का?

मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. म्हणजे मी वर सांगितलेला ऑक्टोबर त्यात येतोच. सप्टेंबर १९८९ मधल्या ह्युगो वादळाच्या गोष्टी इथले लोक अजून काल घडल्यासारख्या सांगतात. गाव रिकामं करायचा हुकूम निघाला की आय-२६ च्या दोन्ही बाजूंच्या लेन बाहेर जाणाऱ्यांसाठी उघडतात. रद्द करता येईल असंच बुकिंग करा, एवढंच आपल्या हातात.

गावात राहावं की समुद्रावर?

पहिल्यांदा जाताय तर गावात, म्हणजे दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या भूशिरावर. एका बाजूला ॲशली, दुसऱ्या बाजूला कूपर. दोन्ही नद्या इथे एकत्र येतात आणि त्यातून अटलांटिक महासागर तयार होतो, असं गाववाले सांगतात. पुण्याच्या माणसाला या वृत्तीची ओळख पटेल.

दुसऱ्यांदा जाताना आम्ही पुलापलीकडे माउंट प्लेझंटला राहतो. पार्किंग फुकट, खोली मोठी, सकाळी पोहे करायला ओटा. गाव पंधरा-वीस मिनिटांवर. ज्येष्ठांना दुपारी आडवं व्हायची सवय असेल तर मात्र गावातली महाग खोली परवडते, कारण मध्येच येऊन झोपता येतं.

पार्किंगचं काय करायचं? आणि रस्त्यावर पाणी येतं म्हणतात ते खरं का?

दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण आमच्यासाठी ते एकाच रात्रीत एक झाले.

तिसऱ्या खेपेला मार्केटजवळच्या एका रस्त्यावर जागा मिळाली म्हणून नवरा खूश होता. पाऊस रिमझिम होता. जेवायला बसलो, वाढणाऱ्या मुलीने मेन्यू ठेवता ठेवता विचारलं, "गाडी कुठे लावलीत?" आम्हाला वाटलं गप्पा मारतेय. बाहेर आलो तेव्हा रस्त्याच्या जागी खाडी होती. गाडीची चाकं अर्धी पाण्यात. झोपलेल्या मुलाला मांडीवर घेऊन शेजारच्या दुकानाच्या पायरीवर दोन तास बसलो. ओहोटी लागली तसं पाणी आलं तसंच मुकाट निघून गेलं. खारं पाणी ते. पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकने ब्रेक उघडून दाखवले आणि विचारलं, "समुद्रात घातली होती का?"

गाव सखल आहे, कितीतरी भाग जुने ओढे आणि दलदल बुजवून वर आणलेला. बंदरातली भरती ७ फुटांच्या वर गेली की खालच्या रस्त्यांवर पाणी चढायला लागतं, कडक ऊन असलं तरी. वर पाऊस असेल तर बघायलाच नको. इथले लोक बाहेर पडण्याआधी हवामानासोबत भरतीची वेळही बघतात. तुम्हीही बघा.

सासूबाईंना हे सांगावं लागलं नाही. कोकणात तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणतात, की भरतीची वेळ येते: चतुर्थीला तीनच्या सुमाराला. त्यांनी आल्या दिवशी हिशेब केला आणि तो साफ चुकला, कारण इथला समुद्र वेगळा, त्याच्या वेळा वेगळ्या. इथे पौर्णिमेची भरती सकाळी आठ-नऊच्या सुमाराला येते. पण "परवा पुनव आहे, उधाण येणार" हे त्यांचं भाकीत तंतोतंत खरं ठरलं. त्या दिवशी गाडी आम्ही बहुमजली पार्किंगमध्ये वर नेऊन ठेवली.

थोडक्यात: गाडी नेहमी बहुमजली पार्किंगमध्ये. घरांच्या गल्ल्यांमध्ये पाहुण्यांना बऱ्याच ठिकाणी दोनच तास लावता येते. गावात फिरायला डॅश नावाची मोफत बस आहे.

आईवडिलांना चालणं झेपेल का?

चढ अजिबात नाही, गाव ताटासारखं सपाट. पण फूटपाथ विटांचे, दगडांचे, आणि ओकच्या मुळांनी ठिकठिकाणी उचललेले. चाल्मर्स स्ट्रीटसारख्या रस्त्यांवर गोटे बसवलेत, तिथे चांगला तरुण माणूससुद्धा ठेचाळतो. साडीखाली स्पोर्ट्स शूज घालायला सासूबाईंनी घरी नाही म्हटलं, पहिल्या संध्याकाळी हो म्हटलं.

आमचा त्यांच्यासोबतचा रस्ता असा होता: वॉटरफ्रंट पार्कातलं अननसाचं कारंजं, तिथून पाण्याच्या कडेने रेनबो रो, मग बॅटरीवर व्हाइट पॉइंट गार्डन. दीड मैलाच्या आत. मध्ये बसायला भरपूर बाक. १७१८ साली स्टीड बॉनेट नावाच्या समुद्री चाच्याला फाशी दिली ती या टोकाजवळच, हे मुलाला बॅटरीवर पोचल्यावरच सांगा, आधी सांगितलंत तर वाटेत दम घेऊ देणार नाही.

बॅटरीवर उभं राहून मी मुलांना दुसरी गोष्ट सांगते, ती रॉबर्ट स्मॉल्सची. गुलामीत जन्मलेला, 'प्लँटर' नावाच्या कॉन्फेडरेट, म्हणजे यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या, जहाजावर सुकाणू धरणारा. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी गावात झोपायला गेलेले असताना त्याने जहाज हाकारलं. वाटेत बायकामुलांना घेतलं, कप्तानासारखी गवती टोपी घातली, एकेका किल्ल्यासमोर ठरलेल्या शिट्ट्या बरोबर वाजवल्या आणि फोर्ट समटरच्या तोफांखालून बाहेर पडला. पुढे पांढरी चादर चढवून जहाज उत्तरेच्या आरमाराच्या ताब्यात दिलं. नंतर तो अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेला. समोर पाणी दिसत असताना ही गोष्ट सांगायला पाच मिनिटं लागतात. लेक दर वेळी विचारते, त्याच्या बायकोला आधी माहीत होतं का?

फोर्ट समटरला जावं का?

१२ एप्रिल १८६१ ला या किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा कडाडल्या आणि यादवी युद्ध पेटलं, त्यामुळे इतिहासवाल्यांनी जावंच. बोटीने जाऊन-येऊन सव्वादोन तास, त्यात किल्ल्यावर तासभर. बाकीच्यांना बोटीतला वारा आणि डॉल्फिन जास्त आवडतात. सिंधुदुर्ग पाहिलेल्यांनी किल्ल्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

लहान मुलांना काय?

पॅट्रियट्स पॉइंटला उभी असलेली यॉर्कटाउन ही विमानवाहू युद्धनौका. १९४३ ची. १९६८ साली चंद्राला फेरी मारून आलेल्या अपोलो ८ च्या अंतराळवीरांना समुद्रातून उचलून घेतलं ते हिनेच. मुलगा चार तास बाहेर यायला तयार नव्हता. आतले जिने शिडीसारखे उभे आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी वर-खाली करू नये. गावात मत्स्यालय आहे, तिथे जखमी समुद्री कासवांचा दवाखाना बघायला मिळतो. आणि उन्हाळ्यात वॉटरफ्रंट पार्कातल्या कारंज्यात पोरं सरळ भिजतात. बदलायचे कपडे ठेवा, कारण तुम्ही नको म्हणाल आणि ती भिजतील.

घोडागाडी घ्यावी का?

एकदा. पायी फिरण्याआधी घेतलीत तर गावाचा नकाशा डोक्यात बसतो. कुठल्या भागातून नेणार ते गाडीवान ठरवत नाही. पालिकेच्या टपरीवर सोडत काढतात, चेंडू निघेल तो भाग. त्यामुळे रेनबो रो दिसेलच याची खात्री नाही, गाडीवानाशी हुज्जत घालू नका. घोड्यांना मागे झोळी बांधलेली असते. आणि घोड्याने रस्त्यावर लघवी केली की गाडीवान तिथे खूण टाकतो, मग मागून पाण्याची गाडी येऊन जागा धुऊन जाते. आमच्या मुलाच्या मते चार्ल्सटनमधली सर्वोत्तम गोष्ट हीच. फार ऊन चढलं की गाड्या बंद ठेवायचा नियम आहे, आणि तो पाळतात.

प्लँटेशन (गुलाम राबवून चालवलेले जुने मळे) बघायला जावं का? आम्हाला अवघडल्यासारखं वाटतं.

वाटायलाच हवं. तरीही जा, पण क्रम बदला.

पहिल्या वेळी आम्ही सरळ बून हॉलला गेलो. तिथली ओकची कमान बघून तोंडात बोट घातलं, लेकीचे तीस फोटो काढले. कमानीशेजारीच विटांच्या छोट्या खोल्यांची रांग आहे, गुलामांची घरं. तिच्यासमोरून आम्ही बाबागाडी ढकलत गेलो. आत डोकावलो, 'अरेरे' म्हटलं, पुढे निघालो. त्या सहलीच्या अल्बमात त्या खोल्यांचा एकही फोटो नाही.

आता मी सगळ्यांना सांगते, आधी गॅड्सडेन्स वॉर्फवरचं इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम बघा. २०२३ च्या जूनमध्ये उघडलं. या धक्क्यावर आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या बोटी रिकाम्या व्हायच्या, त्यांचा बाजार मांडायचा. ती जमीन मोकळी राहावी म्हणून इमारत १८ खांबांवर १३ फूट उचलून धरली आहे. तिच्याखाली पाण्याचा एक उथळ हौद आहे. त्याच्या तळाशी माणसांच्या आकृत्या, बोटीच्या पोटात निजवायचे तशा, खांद्याला खांदा लावून. पाणी त्यांच्यावर चढतं आणि ओसरतं. सासूबाईंनी कडेला चपला काढल्या. खरं तर बूट, त्याला वेळ लागला. कोणीही बोललं नाही. वरच्या दालनांना वेळेचं तिकीट लागतं, ते आधी काढा. खालच्या बागेत असंच जाता येतं.

मग भाताकडे या. या गावाची श्रीमंती आली भातातून आणि निळीतून. इथल्या इंग्रज मळेवाल्यांना भाताची नीट माहिती नव्हती, पश्चिम आफ्रिकेच्या भातपिकाऊ किनाऱ्यावरून आणलेल्यांना होती. खाडीकाठची दलदल त्यांनी तोडली, मैलोन्मैल बांध घातले, भरती-ओहोटीवर चालणारी लाकडी दारं बसवली. गावाच्या पश्चिमेला कॉ कॉ नावाचं काउंटीचं निसर्ग केंद्र आहे, जुन्या भातखाचरांवर. तिथे ही दारं बघायला मिळतात, ट्रंक म्हणतात त्यांना. सासूबाईंचं माहेर गोव्यातलं, पेडण्याकडचं. लाकडी फळकूट बघताच म्हणाल्या, "हे तर मानस." गोव्यात खाजण शेतीच्या बांधाला असंच दार असतं, त्याला मानस म्हणतात. फरक एवढाच, की गोव्यात बांध गावकीने घातले आणि पीक गावाने खाल्लं. "आणि हे कुणी खाल्लं?" त्यांनी विचारलं. बॅटरीवरचे वाडे त्यांनी आदल्या दिवशीच पाहिले होते.

गुलामगिरी संपल्यावर एवढं काम पगार देऊन करून घेणं मळेवाल्यांना परवडेना, वर १८९३ आणि १९११ च्या वादळांनी बांध फोडले. भातशेती बुडाली. आता त्या खाचरांत बगळे असतात आणि सुसरीच्या जातीतल्या ॲलिगेटर. मुलांना पाण्याच्या कडेला सोडू नका, हे मी गमतीने सांगत नाहीये.

आणि एक. जुन्या विटांकडे जवळून बघा. ओली वीट साच्यातून काढून उलथताना लागलेली बोटं कुठे कुठे तशीच भाजली गेली आहेत. त्यात लहान मुलांचीही आहेत. आमच्या मुलाने एका ठशावर आपलं बोट ठेवलं. बरोब्बर बसलं.

मार्केटमधली टोपली एवढी महाग का?

सिटी मार्केट म्हणजे मीटिंग स्ट्रीटपासून ईस्ट बेपर्यंत लांब छपऱ्या. त्यात मॅग्नेट, साबण, टी-शर्ट असा बराचसा माल कुठेही मिळेल असा. तो सोडा आणि टोपल्या विणणाऱ्या बायकांपाशी थांबा. त्या गल्ला-गीची समाजाच्या, म्हणजे या किनाऱ्यावर गुलामीत राबलेल्या आफ्रिकनांचे वंशज. त्यांची बोली इंग्रजी आणि आफ्रिकी भाषांच्या मिश्रणातून झालेली. (गल्ला म्हटल्यावर सासूबाईंनी पैशांचा डबा शोधला.)

आम्ही एका मावशींसमोर अर्धा तास उभे होतो. स्वीटग्रास नावाच्या गवताची मूठभर जुडी, मध्येच पाइनच्या सुया मिसळून तपकिरी पट्टा, आणि हे सगळं पाल्मेटो या ताडासारख्या झाडाच्या पानाच्या बारीक पट्टीने शिवायचं. हातात सुई नाही, चमच्याचा तोडून घासलेला दांडा. त्याने भोक पाडायचं, पट्टी ओवायची, ओढायची. अर्ध्या तासात वेटोळं करंगळीभर पुढे सरकलं. आता सांगा, तळहाताएवढ्या टोपलीला पन्नासच्या वर डॉलर मागितले तर महाग कसं? मोठ्या टोपल्या हजाराच्या पुढे जातात. वर किनाऱ्यावर बंगले झाले तसं गवतही मिळेनासं झालंय.

मागे एक चपटी रुंद टोपली टांगली होती. सासूबाईंनी हात वर करून पाखडण्याची खूण केली. मावशी हसल्या आणि तशीच खूण करून दाखवली. ते सूपच होतं, भात पाखडायचं. इथे त्याला फॅनर म्हणतात आणि मळ्यांवरच्या जुन्यातल्या जुन्या टोपल्या याच घाटाच्या. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, आणि पुढची दहा मिनिटं दुभाष्या म्हणून माझी कोणालाच गरज लागली नाही.

घासाघीस करू नका. फोटो विचारून काढा. माउंट प्लेझंटला हायवे १७ च्या कडेलाही यांच्या टपऱ्या आहेत, तिथे निवांत बघता येतं.

शाकाहारी माणूस उपाशी राहील का?

राहणार नाही, पण फसेल. इथे भाजीतसुद्धा डुकराचं मांस चवीला घालतात. कोलार्डची पालेभाजी, बीन्स, टोमॅटोचा लाल भात, चवळी-भाताचा हॉपिन जॉन हे सगळं नाव ऐकून आपलं वाटतं. "मांस नाही ना" एवढं विचारून भागत नाही. "बेकन, हॅम, चरबी, मटणाचं पाणी, यातलं काही?" असं फोड करून विचारा.

हमखास चालणारं: कच्च्या टोमॅटोचे तळलेले काप, तळलेली भेंडी (तळणी वेगळी आहे का विचारा), आणि ग्रिट्स. म्हणजे मक्याच्या जाडसर कण्या मऊ शिजवून त्यात लोणी. सासूबाईंनी एक चमचा खाल्ला आणि "पेज" असं जाहीर करून लोणचं मागितलं. लोणचं पर्समध्ये होतंच. रस्त्याकडेला उकडलेल्या शेंगा मिळतात, मिठाच्या पाण्यातल्या, गळक्या पिशवीत. त्या सोडू नका. चहा म्हणाल तर बर्फ घातलेला पाक समोर येईल. आपल्यासारखा हवा असेल तर 'हॉट' म्हणून सांगा आणि तरीही फार आशा ठेवू नका.

आणि मासे खाणारे?

त्यांची चंगळ. कोलंबी-ग्रिट्स हवंच. शी-क्रॅब सूप हे खेकडीच्या गाबोळीचं दाट सूप, त्यात शेरी असते, हे घरातल्या सोवळ्यांना आधी सांगा. थंडीत कालवं: फावड्याने टेबलावर ओततात, प्रत्येकाच्या हातात एक बोथट सुरी आणि फडकं, मग आपण आणि ती. तिखटाची अपेक्षा ठेवू नका. आमच्या गाडीत मालवणी मसाल्याची डबी असते.

तो वास कसला येतो?

ओहोटीच्या चिखलाचा. प्लफ मड. आम्हाला पहिल्यांदा वाटलं गटार तुंबलंय. सासूबाई काच खाली करून म्हणाल्या, "खाडी जवळ आली."

कुठला समुद्रकिनारा?

गजबज आणि हजार फुटांहून लांब पिअर हवा असेल तर फॉली बीच. शांतता हवी असेल तर सलिव्हन्स आयलंड, तिथे हॉटेलंच नाहीत. तिथल्या फोर्ट मोल्ट्रीची भिंत १७७६ साली पाल्मेटोच्या ओंडक्यांची होती, आणि इंग्रजांचे तोफगोळे त्या मऊ लाकडात रुतून बसले. राज्याच्या झेंड्यावर ते झाड आहे ते म्हणून. सगळीकडे मे ते ऑक्टोबर कासवांची घरटी असतात: रात्री टॉर्च मारू नका, खणलेले खड्डे बुजवून निघा.

दुसऱ्यांदा जातोय. काय वगळू?

रेनबो रोसमोरचा फोटो. रांगेतली रेस्टॉरंट्स. एका दिवसात दोन प्लँटेशन. त्याऐवजी जॉन्स आयलंडवरचा एंजल ओक बघा, फुकट आहे. शेकडो वर्षांचं झाड, ६५ फूट उंच, पण सावली १७,००० चौरस फुटांची. काही फांद्या जमिनीला टेकून पुन्हा वर गेल्यात. कूपर नदीवरच्या रेव्हनेल पुलावर पायी चढा, माउंट प्लेझंटच्या बाजूने, ऊन तापायच्या आत. २००५ चा पूल, चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट. आणि एक संध्याकाळ काहीही न ठरवता लोखंडी फाटकं बघत गल्ल्यांतून फिरा. फिलिप सिमन्स या कृष्णवर्णीय लोहाराने घडवलेली कितीतरी फाटकं या गावात आहेत, २००९ मध्ये वारले ते. रंगीत भिंतींपेक्षा ती जास्त वेळ बघावीशी वाटतात.

चार्ल्सटन की जॉर्जियातलं सवाना?

सवाना सुंदर आहे. आम्ही एकदा गेलो होतो.

येताना काय आणावं?

बेनी वेफर्स. बेनी म्हणजे तीळ. हा शब्द आणि हे बी, दोन्ही आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलं. कागदाइतक्या पातळ, गोड, कुरकुरीत चकत्या (अंडं असतं, बघून घ्या). सासूबाईंनी सहा डबे घेतले, संक्रांतीला वाटायला.

वॉटरफ्रंट पार्कच्या धक्क्यावरचे झोपाळे रिकामे कधी मिळतात?

सकाळी सातच्या आत. आम्ही पावणेसातला पोचलो तर सासूबाई आधीच एकावर बसल्या होत्या. हॉटेलातून एकट्याच चालत आल्या होत्या, पायात बूट, आणि भरती बघत होत्या.